स्वतःच्या घोड्यावर

पुणे–नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा मोठा फलक, आत एक टेबल, चार-सहा खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि टेबलामागे जाडजूड वही घेऊन बसलेला व्यवस्थापक. गावोगावचे पंच गाड्या करून येतात, दोन-चार राहुट्या फिरतात आणि आपल्या गावच्या यात्रेसाठी फड ठरवून परत जातात. काही वर्षांपूर्वी एका परदेशी अभ्यासकाची दुभाषी म्हणून मी तिथे दोन दिवस बसले होते. रोजावर ठरलेलं काम होतं. त्या दोन दिवसांत मी जे शिकून आले ते माझ्या रोजापेक्षा फार मोलाचं निघालं, आणि हे पुस्तक लिहावं असं पहिल्यांदा तिथेच वाटलं.

पाच जण आले होते. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, एकाच्या हातात रेक्झिनची पिशवी. "कोणती तारीख?" व्यवस्थापकाने विचारलं. तिथी ऐकून त्याने वहीवर बोट फिरवलं. "मोकळी आहे. पण पुनवेच्या जवळची आहे, आकडा चढा राहील." मग बोलणी सुरू झाली. गाव हमरस्त्यापासून किती आत? ट्रक वळायला जागा आहे का? लाइट गावाची की जनरेटर आमचा? माणसांचं जेवण कोणाकडे? फक्त रात्रीचा खेळ, की दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरीही लावायची? वळीव आला आणि खेळ झालाच नाही तर? आणि उरलेले पैसे कधी? या शेवटच्या प्रश्नाला मात्र व्यवस्थापक खुर्चीत पुढे सरकला आणि म्हणाला, "पडदा उघडायच्या आधी." पंचांनी माना डोलावल्या. पिशवीतून विसाराच्या नोटा निघाल्या, दोनदा मोजल्या गेल्या, पावती फाडली, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. चहा त्यानंतर आला.

इतका वेळ हे काय बोलत होते, असं शेजारी बसलेल्या अभ्यासकाने विचारलं तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की, चाळीस मिनिटांत कलेविषयी एक शब्द निघाला नव्हता. निघायचं कारणच नव्हतं. फड चांगला आहे हे पंचांना ठाऊक होतं, म्हणून तर ते त्या राहुटीत शिरले होते. ठरवायचं होतं ते कलेच्या भोवतीचं सगळं, आणि ते खेळाच्या कितीतरी आधी बोलून, लिहून, सही होऊन झालं होतं. मी तेव्हा नऊ वर्षं स्वतंत्रपणे अनुवाद करत होते. "वळीव आला तर?" हा प्रश्न मी नऊ वर्षांत कोणालाही विचारला नव्हता.

आज ज्याला 'गिग इकॉनॉमी' म्हणतात त्यातला 'गिग' हा शब्द अमेरिकेतल्या जॅझ वादकांच्या बोलीतून पसरला. एका रात्रीचं, एका जागचं वाजवणं म्हणजे गिग. आपल्याकडे त्याला सुपारी म्हणत आले आहेत. बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, लावणीचे संच सुपारी घेतात. कीर्तनकाराला बिदागी मिळते. कामागणिक पैसे ही रीत आपल्याला नवी नाही. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या एक तारखेला पगार आला, त्या घरांतली मुलंमुली आता सुपारीवर जगू लागली आहेत, हे मात्र नवं आहे. सुपारीवर जगणाऱ्यांकडे जे व्यवहारज्ञान असतं ते या घरांत नाही. उलट "पैशाचं आपण होऊन कसं बोलायचं?" हा संस्कार पक्का आहे. मीही त्याच घरातली. माझ्या अनुभवात स्वतंत्र काम करणाऱ्या मराठी माणसाचं जितकं नुकसान या एका संस्काराने केलं आहे तितकं कोणत्याही मंदीने केलेलं नाही.

नीती आयोगाने जून २०२२ मध्ये या क्षेत्रावर एक अहवाल काढला. २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख लोक अशा कामात होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा त्यातला अंदाज आहे. या आकड्यात दोन फार वेगळ्या प्रकारची माणसं एकत्र मोजली जातात. दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाचा दर अ‍ॅप ठरवतं. त्याला तो बोलून वाढवता येत नाही. त्याची लढाई संघटनेची आणि कायद्याची आहे. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचे १ ते २ टक्के त्यांच्या कल्याणासाठी द्यावेत अशी तरतूद आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. त्या मुलाला "नीट तयारी कर, दर वाढवून माग" असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय होईल. म्हणून हे पुस्तक त्याच्याविषयी नाही. ज्यांना आपला दर स्वतः सांगता येतो, निदान सांगायची मुभा आहे, त्यांच्यासाठी ते आहे: अनुवादक, मुद्रितशोधक, उपशीर्षकं लिहिणारे, मांडणीकार, चित्रकार, संकेतस्थळं बांधणारे, घरून हिशेब लिहून देणारे. उदाहरणं बहुतेक अनुवादाची आहेत, कारण मला तेच काम आतून माहीत आहे.

'फ्रीलान्स' या शब्दाचं मूळ वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीपर्यंत नेतात. तिथे तो कोणत्याही एका धन्याशी न बांधलेल्या, पैसे घेऊन लढणाऱ्या भालाइतांसाठी येतो. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, आणि तो या विषयाची निम्मी अडचण उलगडून दाखवतो. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा पगार बारगिरापेक्षा जास्त असे. पण त्या जास्तीच्या पगारातच घोड्याची चंदी, वैरण, नाल, जीन, आजारपण सगळं आलं. आणि लढाईत घोडा पडला तर नुकसान शिलेदाराचं.

नोकरी सोडून स्वतंत्र काम करायला निघालेला माणूस बारगिराचा शिलेदार होत असतो. त्याला दिसतो तो वाढीव पगार. महिना ५०,००० मिळतात म्हणजे दिवसाचे साधारण २,००० झाले, मग बाहेर दिवसाला अडीच हजार मिळाले तरी आपण पुढेच, असा हिशेब मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकला आहे. त्यात घोडा कुठेच नसतो. संगणक, वीज, इंटरनेट, आरोग्य विमा, भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, भरपगारी रजा, उपदान हे सगळं नोकरीत कोणीतरी न दिसता भरत होतं. ते आता आपण भरायचं आहे.

कागद घ्या. समजा, घरखर्चाला महिना ४०,००० लागतात. वर्षाचे झाले ४,८०,०००. त्यात विमा, यंत्रांची झीज, कर आणि म्हातारपणची शिल्लक यांसाठी १,८०,००० मिळवा. झाले ६,६०,०००. आता दिवस मोजा. ३६५ मधून रविवार ५२ गेले, सणवार, लग्नकार्यं, दुखणीखुपणी यांचे ३३ गेले, उरले २८०. या २८० दिवसांतले सगळे काही पैशांचे नसतात. नमुने करून पाठवणं, फोन, बिलं, पाठपुरावा, दुरुस्त्या, आणि काम नसलेले आठवडे यांत १३० दिवस सहज जातात. हा आकडा मी माझ्या वह्यांवरून सांगते आहे. सुरुवातीची वर्षं त्याहून वाईट होती. उरले १५० दिवस. ६,६०,००० ला १५० ने भागलं की दिवसाचे ४,४०० येतात. तब्येत सांभाळून, दर्जा राखून मी दिवसाला २,००० शब्द करते. म्हणजे शब्दाला २ रुपये २० पैसे. हा बाजारभाव नव्हे, आणि तुमचा आकडा वेगळा येईल. पण हा आकडा काढल्याशिवाय जो दर सांगतो तो घोड्याला उपाशी ठेवून लढाईवर निघाला आहे.

हा हिशेब करायला मला फार उशीर झाला, आणि त्याचं मोल मी मोजलं. सुरुवातीच्या काळात एका एजन्सीकडून यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं काम आलं. १८० पानं. दर फोनवर ठरला, तोही 'पानाला इतके' असा. पान म्हणजे मूळ पान की अनुवादाचं पान, हे मी विचारलं नाही. आकृत्यांची पानं धरायची का, हे विचारलं नाही. मूळ मजकूर मध्येच बदलला तर काय, हेही नाही. आणि तो चार वेळा बदलला. प्रत्येक वेळी नवी प्रत येई आणि बदल कुठे केलेत ते मी एकेक ओळ ताडून शोधत बसे. पैसे अकरा महिन्यांनी मिळाले, माझ्या हिशेबाच्या निम्म्याहून कमी. समोरच्यांनी पानं मोजली होती ती आकृत्या वगळून. भांडायला माझ्याकडे कागद म्हणून एक एसएमएस होता: "मॅडम स्टार्ट करा." त्या वर्षी माझ्या मुलीच्या शाळेची फी आईने भरली. तिने एका शब्दानेही विचारलं नाही, आणि मला ते आजही आठवतं.

त्या एजन्सीने मला फसवलं असं मी बरीच वर्षं म्हणत असे. नारायणगावच्या राहुटीत बसल्यावर ते म्हणणं मी सोडून दिलं. त्यांचं वागणं बरोबर नव्हतंच. पण ट्रक वळायला जागा आहे का, हे विचारायचं काम माझं होतं. या पुस्तकाचं दुसरं प्रकरण संपूर्ण याच प्रश्नांवर आहे. एकक काय, शब्द मूळ भाषेतले की लक्ष्यभाषेतले, दुरुस्तीच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, मजकूर बदलला तर नवा दर, काम अर्ध्यावर थांबलं तर झालेल्या कामाचे पैसे, विसार किती, बाकी केव्हा, आणि नाव छापणार की नाही. करारनामा म्हटलं की लोक घाबरतात. वकील, मुद्रांक, शिक्के डोळ्यांपुढे येतात. तितकं लागतंच असं नाही. आपल्या गल्लीतला ब्लाउज शिवणारा शिंपी बघा. पावतीवर नाव, मापं, तारीख, आगाऊ किती दिले ते लिहितो, आणि कापडाचा एक तुकडा पावतीला टाचून देतो. वाद झाला तर तुकडा बोलतो. आपलं दहा ओळींचं पत्र आणि समोरून आलेलं "मान्य आहे" हे उत्तर, एवढं मेलमध्ये असलं तर बहुतेक वेळा पुरतं.

कायदा स्वतंत्र काम करणाऱ्याच्या बाजूने जितका आहे तितका आपण वापरत नाही, हे मला कळकळीने सांगायचं आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा फक्त कारखान्यांसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. सेवा देणारा एकटा माणूसही त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून येतो. १ जुलै २०२० पासून त्याची 'उद्यम' नोंदणी आधार क्रमांकावर, घरबसल्या आणि विनामूल्य होते. नोंदणी असलेल्याचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे ठरवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही याला जोड मिळाली: सूक्ष्म वा लघु उद्योगाची रक्कम मुदतीत दिली नाही तर ती प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत देणाऱ्याला खर्च म्हणून दाखवता येत नाही. तेव्हापासून मार्च महिन्यात कंपन्यांच्या हिशेब विभागाकडून आपण होऊन फोन येऊ लागले. "मॅडम, तुमचा उद्यम नंबर आहे का?" वीस वर्षांत मला असे फोन कधी आले नव्हते. फक्त नोंदणी काम घेण्याआधी करून ठेवा. पैसे अडकल्यावर केलेल्या नोंदणीवर विसंबू नका.

दुसरा कायदा स्वामित्व हक्काचा, १९५७ चा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला मालक साधारणपणे नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याचं तसं नाही: लिहून, सही करून हक्क दिल्याशिवाय ते आपल्याकडेच राहतात. लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरता धरतो. अनुवादालाही हे लागू आहे, कारण मूळ लेखकाच्या परवानगीने केलेला अनुवाद ही अनुवादकाची स्वतंत्र कृती मानली जाते. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्रांना मात्र नियम वेगळा आहे. तिथे उलट करार नसेल तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. छायाचित्रकार मित्रांनी ते पान दोनदा वाचावं. प्रकाशकाने पुढे केलेल्या कागदावर 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर' असं एका ओळीत छापलेलं असतं, आणि आपलं पुस्तक येतंय या आनंदात आपण सही करतो. मी तीनदा केली आहे. ध्वनिपुस्तकांची बाजारपेठ उभी राहिली तेव्हा त्या तिन्ही अनुवादांची ध्वनिपुस्तकं झाली, आणि मला ते एका वाचकाच्या फोनवरून कळलं.

कराविषयी या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथे थोडकंच. व्यावसायिक कामाच्या पैशांतून देणारा साधारणपणे दहा टक्के कर कापून भरतो. एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत तो कापला जात नाही. कापलेला कर बुडाला असं समजून गप्प बसू नका, विवरणपत्र भरा, जास्तीचा परत मिळतो. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की लागते. आणि सनदी लेखापालाला पहिल्याच वर्षी एकदा भेटा. मिळकतीचा निम्मा भाग नफा धरून कर भरण्याची जी सोपी सवलत आहे ती ठरावीक व्यवसायांनाच आहे. आपला व्यवसाय त्यात बसतो का, हे मैत्रिणीच्या सांगण्यावर ठरवायची गोष्ट नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आणि कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा जुन्या लेखांतली कलमं पाठ करून ठेवू नका.

नोकरी सोडण्याच्या बाबतीत मी फार सावध आहे आणि वाचकांनीही असावं असं मला मनापासून वाटतं. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा विमा नोकरीत असतानाच काढावा. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं, आणि तो काळ पगार चालू असताना सरला तर बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला आहे, तेवढा भार हलका झाला. घर घ्यायचं असेल तर कर्जही पगाराची पावती हातात असतानाच. नंतर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, आणि पहिल्या वर्षाच्या विवरणपत्राकडे बघून शाखेतल्या अधिकाऱ्याचा चेहरा काय होतो ते मी जवळून पाहिलं आहे.

मिळकत येईल ती एका वेगळ्या खात्यात येऊ द्यावी आणि तिथून दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःला ठरावीक पगार द्यावा. साधी गोष्ट आहे, पण माझं घर याच गोष्टीने सावरलं. दिवाळीच्या आधी कामांचा पूर येतो, मार्चमध्ये सरकारी खात्यांची घाई असते, आणि एप्रिल-मे बहुधा कोरडे जातात. पूर आला त्या महिन्यात घरात खर्चाचा हात सैल सुटतो. मे महिन्यात त्याच हाताला कापरं भरतं. खातं वेगळं केल्यापासून मे महिना आमच्या घरात इतर महिन्यांसारखा जाऊ लागला. मुलीला कळणंही बंद झालं की आईकडे सध्या काम नाही.

यंत्राने केलेल्या अनुवादाविषयी बोलल्याशिवाय आज हे पुस्तक प्रामाणिक होणार नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या कामांचं रूप बदललं आहे. यंत्राचा कच्चा अनुवाद येतो, सोबत "फक्त नजर टाका" अशी विनंती, आणि दर मूळच्या तिसऱ्या हिश्शाचा. औषधाच्या चिठ्ठीवर 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांची अदलाबदल झालेली मी स्वतः पकडली आहे. वाक्य इतकं सफाईदार होतं की दुसऱ्या वाचनालाच ते लक्षात आलं. नजर टाकून असल्या चुका सापडत नाहीत, मूळ मजकूर शेजारी ठेवून ओळीवर ओळ वाचावी लागते. म्हणून अशा कामाला मी शब्दावर दर देत नाही, तासावर देते. आधी पाच पानांचा नमुना मागून घेते, घड्याळ लावून तो दुरुस्त करते आणि मग किती तास लागतील ते लिहून कळवते. काही जण निघून जातात. जे राहतात त्यांना कायदा, औषधं, पाठ्यपुस्तकं असल्या मजकुरात चुकीचं मोल काय असतं ते कळलेलं असतं. तरुण अनुवादकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की एखादा विषय खोलात जाऊन आपला करून घ्या. शेती, न्यायालयीन कागद, आरोग्य, विमा, काहीही. 'मी सगळ्या प्रकारचे अनुवाद करते' या वाक्यावर आता कोणाचं पोट भरणार नाही.

आणि घर. घरून काम करणाऱ्या बाईला घर कामावर आहे असं मानत नाही. गॅसवाला, कुरिअर, शेजारच्या मुलाची किल्ली, सासऱ्यांचा दुपारचा चहा, "तू घरीच असतेस ना" या चार शब्दांत दिवस कापला जातो. मी सकाळी दहाला खोलीचं दार लावायला लागले तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. पुढे सासरेच बेल वाजवणाऱ्याला सांगू लागले, "ती ऑफिसात आहे, एक वाजता या." त्यांच्या तोंडून 'ऑफिस' हा शब्द आला त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी व्यवसाय करते. पुरुषांना हा त्रास वेगळ्या तऱ्हेने होतो, "सध्या कुठे आहेस?" या प्रश्नाला कंपनीचं नाव देता येत नाही आणि लग्न ठरवताना तर ते नाव फार लागतं. यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण एकटं पडू नये, महिन्यातून एकदा याच कामातल्या चार जणांनी भेटावं, दर एकमेकांना मोकळेपणाने सांगावेत. दर लपवून ठेवण्यात फायदा कोणाचा होतो, ते त्या चौघांनाच उमगेल.

हे पुस्तक गेल्या काही वर्षांत मी घेतलेल्या छोट्या वर्गांतून तयार झालं. आमच्या धनकवडीच्या घराच्या हॉलमध्ये आठ-दहा जणं बसत. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला आपला दर मोठ्याने म्हणून दाखवायला सांगते. हे काम सर्वांत अवघड जातं. आवाज खाली येतो, आकड्याच्या मागोमाग "पण तुम्ही म्हणाल तसं" हे शब्द आपोआप येतात. जी मुलगी सहकारी बँकेचा शंभर पानी अहवाल न अडखळता मराठीत आणते, तिला 'दोन रुपये वीस पैसे' म्हणता येत नाही.

गेल्या वर्गात बीडकडून पुण्यात आलेली एक मुलगी होती. घरची माणसं ऊसतोडीला जाणारी. मुकादमाची उचल घेऊन सहा महिने बांधलं जाणं म्हणजे काय, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. आगाऊ पैसे घ्यायला ती तयारच नव्हती. तिच्या लेखी आगाऊ पैसा म्हणजे मान अडकणं. तिला उचल आणि विसार यांतला फरक समजावताना माझाच तो नीट समजून झाला: उचलीत दर मुकादम सांगतो आणि माणूस बांधला जातो, विसारात दर आपण सांगतो आणि बांधला जातो तो व्यवहार. तिला हे पटायला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात वर्ग चालू असतानाच तिला एका प्रकाशन संस्थेचा फोन आला. तिने माझ्याकडे पाहिलं, स्पीकर लावला. समोरून काम सांगितलं गेलं, मग विचारलं, "तुमचं किती?" तिने शब्दाचा दर सांगितला, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या सांगितल्या, तीस टक्के विसार सांगितला आणि थांबली. पलीकडे शांतता. खोलीत आम्ही सगळे श्वास धरून. ती काही बोलली नाही. सात-आठ सेकंदांनी आवाज आला, "ठीक आहे, हे सगळं मेलवर पाठवा." त्या संध्याकाळी आम्ही सर्वांनी मिळून तिच्यासाठी जो मेल लिहिला, तो नाव आणि आकडे काढून दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी जसाच्या तसा दिला आहे.

पुणे
गुढीपाडवा